अण्णांची माळ आणि न पिणाऱ्यांचं लिव्हर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे थोडं दवाखान्याचं काम निघालं. काळजीचं फार काही नाही, पण त्या निमित्तानं बरंच वाचन झालं आणि एक जुनं ओझं पुन्हा वर आलं. आज लिहिते आहे ते थोडं इतिहासाच्या बाईंच्या सवयीनं आणि थोडं घरच्यांसाठी. घरच्यांनी जरा शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

सुरुवात शब्दापासून करते, मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईची खोड. आपण 'काळजाला घरं पडली', 'काळीज तुटलं' म्हणतो तेव्हा छातीवर हात ठेवतो. पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितलं तर तो हृदय देत नाही, यकृत देतो! म्हणजे आपण सगळं दुःख ज्या अवयवावर टाकतो तो खरं तर उजव्या बरगड्यांच्या खाली आहे. तिकडे युरोपातही गंमतच आहे. रोमन लोक बदकांना आणि हंसांना अंजीर खाऊ घालून त्यांचं यकृत चरबीनं फुगवत आणि चवीनं खात. अंजिराला लॅटिनमधे फिकुस, म्हणून त्या अंजीरवाल्या यकृताला फिकातुम म्हणू लागले. पुढे हा विशेषणाचा शब्दच मूळ नावाला खाऊन बसला. इटालियन फेगातो, स्पॅनिश इगादो, फ्रेंच फ्वा, सगळे यकृताचे शब्द त्या अंजिरातून आलेले आहेत. थोडक्यात, खायला घातलं की यकृतात चरबी साठते हे माणसाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक होतं. फक्त ते बदकाच्या बाबतीत.

आमच्या घरात 'लिव्हर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो 1958 साली. मी सात वर्षांची होते. माझ्या पाठचा भाऊ पावणेदोन वर्षांचा. त्याचं पोट वाढत गेलं, हातपाय काड्यांसारखे झाले, डोळे पिवळे झाले. 'बाळाचं लिव्हर वाढलंय' एवढंच मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत. वैद्य झाले, कराडचे डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. तो गेला. आईला त्या वेळी दूध कमी येत होतं, म्हणून त्याला लवकरच म्हशीचं दूध सुरू केलं होतं. आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची, माझ्या अंगावरचं दूध असतं तर पोर वाचलं असतं. आम्ही तिला म्हणायचो, आई, असं काही नसतं.

तसं असतं, हे मला खूप उशिरा कळलं. लहान मुलांचा हा यकृताचा विकार, ज्याला इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस म्हणत, आपल्याकडे इतका होता की त्याच्या नावातच देशाचं नाव होतं. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलमधल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर यावर काम केलं, आणि 1983 साली लॅन्सेटमधे त्यांचा लेख आला. या बाळांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं असे. ते कुठून येत होतं? तर बाळाला फार लवकर सुरू केलेलं गाईम्हशीचं दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जाई, त्यातून. दूध तांबं धरून ठेवतं, पाण्यापेक्षा किती तरी जास्त. कल्हई असली तर बचाव व्हायचा. कल्हई उडालेली असली तर बाळ रोज वाटीवाटीनं तांबं प्यायचं. आमच्या घरी कल्हईवाला वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी यायचा. वर्षाच्या शेवटी त्या पातेल्याचा तळ कसा पिवळा लख्ख दिसायचा ते मला अजून आठवतं. आम्ही मुली राखेनं घासून तो आणखी लख्ख करायचो.

तिरोल म्हणून ऑस्ट्रियात डोंगराळ मुलूख आहे. तिथेही 1900 ते 1974 या काळात 138 बाळं अशाच आजारानं दगावल्याचं 1996 साली प्रसिद्ध झालं. तिथेही दूध आणि तांब्याचीच भांडी. सगळ्याच बाळांना हे होत नसे, म्हणजे अंगातही काही दोष असावा लागत असणार. पण भांडी बदलली आणि आजार गेला, तिथेही आणि इथेही. स्टीलची भांडी घरात आली तेव्हा आम्ही ती हौसेनं आणली होती. त्यांनी किती पोरं वाचवली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. माझ्या भावाला तेच झालं होतं असं मी खात्रीनं म्हणू शकत नाही, तेव्हा कुणी तुकडा काढून तपासला नव्हता. पण आईचं बोलणं आम्ही उडवून लावायचो, ते चुकलंच.

आता अण्णांकडे येते. हे लिहायचं म्हणूनच हा सगळा खटाटोप.

अण्णा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. 1998 साली एकसष्टाव्या वर्षी गेले ते सिऱ्हॉसिसनं. नात्यातल्या जुन्या माणसांना त्यांचं शेवटचं वर्ष आठवत असेल. पोटात पाणी झालेलं, ते दर पंधरा दिवसांनी टोचून काढायचे. एकदा रक्ताची मोठी उलटी झाली. शेवटी शेवटी बोलणं अडखळायचं, हात थरथरायचे, भर दुपारी 'दिवा लावा' म्हणायचे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकली नाही, आषाढीला पायी पंढरपूर. आणि नात्यात कुजबुज काय? 'माळ घालून चोरून घेत असणार. उगाच का लिव्हर जातं?' एका डॉक्टरांनी तर वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, 'खरं सांगा, रोज किती घेतात?' वहिनी नाही म्हणाल्या तेव्हा ते हसले. ते हसणं वहिनी मरेपर्यंत विसरल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर, मीसुद्धा एकदा त्यांचं कपाट उघडून पाहिलं होतं. अण्णा झोपलेले असताना. धोतरं, गाथा, इसबगोलचा डबा आणि मधुमेहाच्या गोळ्या. एवढंच होतं. पाहिल्याची लाज आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनीही गेलेली नाही.

पण हा संशय आला कुठून, हे इतिहासात पाहिलं की डॉक्टरांवरचा राग थोडा निवतो. 'सिऱ्हॉसिस' हे नाव दिलं रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरानं, 1819 साली. हा तोच, ज्यानं 1816 मधे स्टेथोस्कोप शोधला. छातीच्या आजारांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात एका रुग्णाच्या निमित्तानं हे यकृत जाता जाता आलं आहे. गाठीगाठींचं, आक्रसलेलं, पिवळट तपकिरी. ग्रीकमधे त्या रंगाला किरॉस म्हणतात, म्हणून सिऱ्हॉसिस. म्हणजे नावात ना व्रण आहे ना दारू, नुसता रंग आहे. दारूशी संबंध मात्र त्याच्याही आधी लागला होता. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी 1793 च्या पुस्तकात असं यकृत पिणाऱ्यांत जास्त दिसतं असं नोंदवलं होतं. पुढे 1836 साली थॉमस ॲडिसन यांनी चरबीनं भरलेल्या यकृताचं वर्णन केलं, तेही दारूच्याच संदर्भात. तेव्हापासून जवळजवळ दीडशे वर्षं सूत्र पक्कं झालं: यकृतात चरबी आणि व्रण म्हणजे बाटली. वेगळं काही दिसलं आणि रुग्ण 'मी पीत नाही' म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजायचं. अधूनमधून कुणी कुणी मधुमेही आणि लठ्ठ माणसांत हेच दिसतं असं लिहीत होतं, पण त्याला नाव नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीकडे कोण पाहणार?

ते नाव 1980 साली मिळालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. युर्गन लुडविग हे यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुग्णांबद्दल एक लेख लिहिला. वीसच! तुकडे हुबेहूब दारुड्याच्या यकृतासारखे, पण ही माणसं पिणारी नव्हती. बहुतेक जण वजनदार, बायका जास्त, काहींना मधुमेह. त्यांनी याला 'नॉन-अल्कोहॉलिक स्टिॲटोहेपटायटिस' असं नाव दिलं, त्याचं लघुरूप 'नॅश'. नावातच 'दारू नव्हे' असं लिहावं लागलं, यावरून आधीचा समज किती घट्ट होता ते कळावं. हा लेख यायच्या वेळी अण्णा त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांना मधुमेह निघाला तो त्यानंतर तीनेक वर्षांनी.

आता हा आजार पुढे कसा जातो ते मला समजलं तसं सांगते. चुकलं तर आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी कान धरावा. यकृताच्या शंभर पेशींतल्या पाचांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसले की ते फॅटी लिव्हर. इथे बहुतेक माणसं थांबतात, जन्मभर काही होत नाही. हे ठळक सांगायला हवं, नाहीतर हे वाचून निम्मं नातं सोनोग्राफीला पळेल. काहींच्या पेशी मात्र त्या चरबीनं फुगतात, सूज धरतात, मरतात. मग दुरुस्ती सुरू होते, आणि घोटाळा दुरुस्तीतच आहे. यकृतात ताऱ्यासारख्या आकाराच्या काही पेशी असतात. एरवी त्या निवांतपणे 'अ' जीवनसत्त्व साठवून बसलेल्या. 1876 मधे कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाला त्या दिसल्या होत्या, पण पुढे त्यानंच दुसऱ्या पेशींशी त्यांची गल्लत केली. मग 1951 मधे जपानच्या इतो यांनी त्या पुन्हा वेगळ्या ओळखल्या, आणि त्या त्याच आहेत हे 1971 साली वाके यांनी दाखवून दिलं. म्हणजे एका पेशीची ओळख पटायला पंचाण्णव वर्षं! तर जखम झाली की या पेशी जाग्या होतात आणि कोलॅजेनचे धागे विणायला लागतात. आपल्या गुडघ्यावर खरचटल्यावर व्रण उरतो तसाच हा. एकदाच खरचटलं तर बिघडत नाही. पण रोज थोडं थोडं, वीस-तीस वर्षं खरचटत राहिलं तर धाग्यांची जाळी होते, जाळीच्या भिंती होतात, आणि भिंतींमधे अडकलेल्या गाठी म्हणजे लेनेकनं पाहिलेलं यकृत. रक्ताला आतून जायला वाट उरत नाही. ते अन्ननलिकेच्या शिरांत तुंबतं आणि त्या फुटतात. पोटात पाणी साठतं. विषारी द्रव्यं न गाळता मेंदूत जातात आणि माणूस अडखळतो, थरथरतो, भर दुपारी दिवा लावा म्हणतो.

ते प्यायल्यासारखं दिसतं. पण दारूशी त्याचा काही संबंध असावा लागत नाही. हे कुणीतरी आम्हाला त्या वर्षी सांगायला हवं होतं.

हे सगळं फार सावकाश होतं. व्रणाचे टप्पे शून्य ते चार मोजतात, चौथा म्हणजे सिऱ्हॉसिस. 2015 साली बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून असं निघालं की नुसती चरबी असेल तर एक टप्पा चढायला सरासरी चौदा वर्षं लागतात, आणि नॅश असेल तर सात. सरासरीच ती, काही जण भराभर चढतात. पण एवढ्यावरून हा म्हातारपणी उघडा पडणारा आजार का, ते कळतं. चाळिशीत लागलेली कीड सत्तरीत दिसते. शिवाय वयाबरोबर यकृताकडे येणारं रक्त कमी होतं, पेशींची पुन्हा उगवण्याची ताकद मंदावते. ग्रीकांच्या गोष्टीत प्रोमिथियसचं यकृत गरुड रोज खातो आणि रोज रात्री ते पुन्हा वाढतं. तो काही म्हातारा होत नव्हता! आपल्या पेशी थकतात. काही थकलेल्या पेशी तर मरतही नाहीत आणि वाढतही नाहीत, नुसत्या आजूबाजूच्यांना चिडवत बसतात. (अशी माणसं शिक्षकांच्या खोलीत मी पुष्कळ पाहिली आहेत.) बायकांना पाळी असेपर्यंत थोडं संरक्षण असतं, ते पन्नाशीनंतर जातं.

मग अण्णांच्या बाबतीत कुणाला चरबी का दिसली नाही? या प्रश्नानं मला फार छळलं होतं. त्यांची सोनोग्राफी झाली होती, कावीळ ब आणि क या दोन्हींच्या तपासण्या झाल्या होत्या, काही निघालं नाही. कागदावर 'क्रिप्टोजेनिक' असं लिहिलं होतं, म्हणजे कारण गुप्त. ते कारण गुप्त का राहतं, याचा खुलासा वाचला तेव्हा मी चष्मा काढून बाजूला ठेवला. यकृत पूर्ण व्रणांनी भरलं की त्यातली चरबी बरेचदा नाहीशी होते. चोर चोरी करून घरही झाडून जातो तसं. 1999 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी अशा 'गुप्त कारणाच्या' सत्तर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना मधुमेह किंवा लठ्ठपणा किंवा दोन्ही होतं. निष्कर्ष असा की यांतल्या पुष्कळांचं जळून गेलेलं नॅश असणार. 1999 साल. अण्णा जाऊन एक वर्ष झालं होतं.

कुणी म्हणेल, अण्णा कुठे लठ्ठ होते? खरं आहे. काटक हातपाय आणि धोतरावर सुटलेलं थोडं पोट, बस्स. याचंही उत्तर पुण्यातच सापडलं आहे, पुन्हा के. ई. एम. मधेच. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर 2004 साली लॅन्सेटमधे दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! दिसायला बारीक, आतून चरबीचे. आपली माणसं अशीच. त्यामुळे 'मी कुठे जाडा आहे' या वाक्याला आपल्याकडे फारसा अर्थ नाही.

माझं सांगते. 2006 साली पित्ताशयासाठी सोनोग्राफी केली तेव्हा खाली एक ओळ होती, 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. विचारलं तर उत्तर मिळालं, 'सगळ्यांनाच असतं.' मीही फाईल मिटली. गेल्या श्रावणात साध्या तपासणीत भाचीनं, ती डॉक्टर आहे, कागदावर एक हिशोब करून दाखवला. त्याला फिब-फोर म्हणतात. वय गुणिले एस. जी. ओ. टी., भागिले प्लेटलेट गुणिले एस. जी. पी. टी. चं वर्गमूळ. माझं वय 74, एस. जी. ओ. टी. 38, प्लेटलेट 190 हजार, एस. जी. पी. टी. 36, म्हणजे वर्गमूळ 6. उत्तर 2.47. गंमत पाहा, दोन्ही एन्झाइम 'नॉर्मल' रकान्यात होती, रिपोर्टवर कुठेही लाल अक्षर नव्हतं. या सूत्रात वय वरच्या ओळीत बसलेलं आहे, त्यामुळे म्हाताऱ्यांचा आकडा नुसत्या वयानंच फुगतो. म्हणून एरवी 1.3 च्या वर काळजी करतात, पण पासष्टीनंतर 2 पर्यंत चालवून घेतात. मी त्याच्याही वर होते. मग फायब्रोस्कॅन झालं. बरगड्यांत टिचकी मारल्यासारखं वाटतं, दहा मिनिटांत काम संपतं. सुई नाही, काही नाही. आकडा आला 9.1. आठच्या आत असता तर मोठे व्रण नाहीत म्हणून सोडून दिलं असतं. सिऱ्हॉसिसपासूनही तो बऱ्यापैकी लांब आहे. मधेच कुठेतरी.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'तुम्ही दारू घेता का?' हे विचारलंच. पण ज्या सुरात चहा घेता का विचारावं त्या सुरात. 'नाही' म्हटल्यावर त्यांनी 'नाही' लिहिलं आणि पुढे गेले. मला एकदम वहिनी आठवल्या.

आता तर आजाराचं नावही बदललं आहे. 2023 साली जगभरच्या तज्ज्ञांनी 'नॉन-अल्कोहॉलिक' हा शब्द काढून टाकला, 'फॅटी' हाही काढला. दोन्ही शब्दांनी माणसाला विनाकारण लाज वाटते असं त्यांचं म्हणणं. नवं नाव लांबलचक आहे, सगळे 'मॅसल्ड' म्हणतात, आणि त्यात चयापचयाचा बिघाड हे मूळ कारण म्हणून आलं आहे. 2021 मधे आपल्या सरकारनंही हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. अमेरिकेत मार्च 2024 मधे यावरच्या पहिल्या औषधाला, रेस्मेटिरॉमला, परवानगी मिळाली. मला अजून गोळी दिलेली नाही. वजन दहा टक्के उतरवा म्हणाले आहेत. क्यूबात हवाना इथे 293 जणांवर वर्षभर केलेला एक अभ्यास 2015 साली आला आहे. ज्यांनी वजन दहा टक्के किंवा अधिक उतरवलं त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांचं नॅश गेलं, आणि 45 टक्के लोकांचे व्रणसुद्धा मागे हटले. व्रण कधी मागे हटत नाही असंच आम्हाला शिकवलं होतं. तर मी बासष्ट किलोंवरून साडेअठ्ठावन्नवर आले आहे. भात एक वेळ, साखर बंद, संध्याकाळी नदीपर्यंत चालणं. स्नायू झडू नयेत म्हणून भाचीनं डाळ-अंडं वाढवायला सांगितलं आहे. डाळ वाढवली आहे. अंड्याचं पाहू.

अण्णांच्या मुलांपैकी दोघांना मधुमेह आहे. धाकट्याला परवा फोन केला, तर म्हणाला, 'आत्या, मी तर कधी थेंबही घेतला नाही, मला काय होणार?' म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिलं. बाळा, तुझे वडीलही घेत नव्हते. गेल्या महिन्यातला तुझा रक्ताचा रिपोर्ट काढ, कागद-पेन्सिल घे आणि वरचं सूत्र मांड. प्लेटलेट लाखात लिहिलेल्या असतील, त्या हजारात करून घे, दीड लाख असतील तर 150. वर्गमूळ जमलं नाही तर मला फोन कर, मी दुपारी चारपर्यंत जागीच असते.